सिद्धांत ओव्हाळचं वर्ष

मी जागेच्या धंद्यात आहे. भूगावात ऑफिस आहे, बाहेरच्या बोर्डावर माझा हसरा फोटो आहे आणि फोटोत माझं नाक वाकडं दिसतं. गिऱ्हाइकं विचारतात, "अपघात झाला होता का हो?" मी सांगतो, "झाला होता. सिद्धांत ओव्हाळ नावाचा." ती हसतात आणि मग पार्किंगचं विचारतात.

सिद्धांत, म्हणजे आमचा सिद्ध्या, माझ्याहून वर्षाने लहान. दोघंही कासारसाईचे, दोघांचं वजन सारखं, म्हणून आमचे बॉक्सिंगचे गुरू कोंडाजी सर आम्हाला रोज समोरासमोर उभे करायचे. किती राउंड खेळलो असू त्याचा हिशेब नाही. त्याचे ठोसे मला बसायचे, माझे हवेला. माझा हात निघेपर्यंत हा गडी तिथून हललेला असायचा. नाक त्यातच गेलं, आणि ते मोडल्यावर मला गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेणाराही तोच.

आज सिद्ध्या हिंजवडीतल्या एका सोसायटीच्या जिममध्ये शिकवतो. कंपनीतली मंडळी सकाळी कॅब यायच्या आधी चकचकीत ग्लोव्हज घालून त्याच्या हातातल्या पॅडवर ठोसे मारतात, पोट उतरावं म्हणून. मध्ये मी त्याला भेटायला गेलो होतो, तेव्हा एकाने घाम पुसत विचारलं, "सर, आपने कभी रिअल फाइट की है क्या?" सिद्ध्या म्हणाला, "थोडीबहुत." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार एवढ्यात त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. तिथे गप्प बसलो, म्हणून इथे बोलतो.

सिद्ध्याचा बाप सोमनाथ, पोरगं रांगत असतानाच गेला. मागे राहिली आई, फुलाबाई. मी तिला मावशी म्हणायचो. त्यांचं घर बौद्धवस्तीत, विहाराच्या मागे. मावशी लोकांच्या भाताच्या लावणीला जायची, आमच्याही जायची. पुढे हिंजवडीत टॉवर उभे राहिले तेव्हा तिने तिथल्या घरांतल्या पोळ्या धरल्या. मी तिच्या चुलीपुढे बसून जेवायचो ते आमच्या घरी काहींना खपायचं नाही. मला तिची भाकरी खपायची, त्यामुळे प्रश्न मिटला होता.

त्या बाईने भूक फार जवळून पाहिली होती. सिद्ध्या लहान असताना अंगणवाडीत पोरांची वजनं व्हायची. सेविका पोराला झोळीत घालून काट्याला टांगायची आणि सगळ्या बायकांसमोर सांगायची, "फुलाबाई, पोराचं वजन भरत न्हाई." दर महिन्याला तेच. मावशी मान खाली घालून घरी यायची, स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून त्याच्या ताटात टाकायची आणि पुढच्या वजनाची वाट बघायची. मग एका महिन्यात ते भरलं. त्या दिवशी तिने वस्तीत गूळ वाटला. हे ती मला कितीदा तरी सांगायची, आणि दर वेळी सांगताना तिचे डोळे भरून यायचे. वजन म्हणजे काय, ते तिच्या मनात तिथे पक्कं झालं. जास्त भरलं म्हणजे पोर पास.

कोंडाजी सर फौजेतून हवालदार म्हणून परत आले होते. फौजेत असताना बॉक्सर होते. गावी येऊन त्यांनी आधी पोल्ट्री काढली, ती बसली, तेव्हा रिकाम्या शेडमध्ये दोर ताणून रिंग केली. पावसाळ्यात त्या शेडला कोंबड्यांचा वास सुटायचा. जिल्ह्याच्या स्पर्धेला गेलो की शहरातली पोरं आम्हाला बघून आरवायची. पहिल्या राउंडनंतर आरवायची नाहीत.

सरांना एकच नाद होता, चॅम्पियनांच्या वर्षांचा. म्हणायचे, "कुटल्या बॉक्सरनं किती पट्टे जिंकले ते मला सांगू नका. त्याचं वर्ष कुटलं, ते सांगा." मोठ्यातला मोठा बॉक्सर घ्या, त्याच्या सगळ्या कारकिर्दीत एकच वर्ष असं निघतं की तेव्हा त्याच्या समोर देव उभा राहिला असता तरी मार खाऊन गेला असता, असं त्यांचं म्हणणं. हेन्री आर्मस्ट्राँगचं अडतीस साल. तीन वेगवेगळ्या वजनांचे जागतिक किताब, एकाच वेळी, एकट्याकडे. मोहम्मद अलीचं चौऱ्याहत्तर. जानेवारीत फ्रेझरची जुनी हार फेडली, ऑक्टोबरात आफ्रिकेत जाऊन फोरमनला झोपवला. मी मुद्दाम खोडी काढायचो, "सर, अलीचं सहासष्ट धरा की. वर्षभर जिंकतच हुता." सर चिडायचे. "तवा जवान हुता तो. जवानीत कुनीबी मारतंय. चौऱ्याहत्तरला सगळ्यांनी त्याला संपला म्हनून सोडलेला. तरी मारलं. ते वर्ष."

मग आवाज उतरवून सांगायचे, "वर्ष एकदाच येतं रं. पुढल्या साली मानूस तोच असतोय, हात तेच असत्यात, पन ते पुन्यांदा येत न्हाई."

सिद्ध्याचं वर्ष सात वर्षांपूर्वी आलं.

आलं म्हणजे कसं ते सांगतो. तोवर तो चांगला होता, पण चांगली पोरं पुष्कळ असतात. त्या पावसाळ्यात शेडमध्ये एक दिवस सरांनी आम्हाला उभं केलं आणि मला काही दिसेनासंच झालं. तो माझ्या समोर होता आणि ठोसे बाजूने येत होते. सरांनी मध्येच थांबवलं, सिद्ध्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आलं बरं का." एवढंच म्हणाले. त्यानंतर जिल्हा झाला, राज्य झालं, विद्यापीठाचं झालं, राष्ट्रीय झालं. त्या वर्षात सिद्ध्या एकदाही हरला नाही. राज्याच्या अंतिम फेरीत त्याने एका पोलिसातल्या पोराला बरगडीखाली डाव्या हाताचा असा एक दिला की तो पोरगा काहीतरी आठवल्यासारखा उभा राहिला आणि मग हळूच गुडघ्यांवर बसला. राष्ट्रीयला हरयाणाचा एक उंच गडी होता, त्याचे हात सिद्ध्यापेक्षा वीतभर लांब. सिद्ध्या त्या हातांच्या आत जाऊन राहिला, तीनही राउंड तिथेच. सर माझ्या शेजारी बसून रडत होते. मीही रडलो. त्याच्यासारखं आपल्याला कधीच जमणार नाही हे मला त्या दिवशी कळलं, आणि गंमत म्हणजे त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

गावाने फ्लेक्स लावला. त्यात पुढारी सगळे मोठे आणि सिद्ध्या खाली कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढा. तरी लावला. मावशी पोळ्यांना जाताना रोज त्याच्याखाली थांबायची.

मग भारतीय संघाच्या शिबिराची निवड चाचणी जाहीर झाली, आणि नशीब बघा, ती पुण्यातच. चाचणी जिंकली की शिबिर, शिबिरातून परदेश. त्यातून नोकरी हमखास, म्हणजे मावशीच्या पोळ्या सुटल्या. सर म्हणाले, "हेच साल हाय. पुढल्या सालाची भाषा करायची न्हाई."

आता बॉक्सिंगमधलं वजन. ते अंगणवाडीच्या उलट असतं. छप्पन किलोच्या गटात खेळायचं तर काटा छप्पनच्या वर जरासाही गेलेला चालत नाही. गेला की बाहेर, मग तुम्ही राष्ट्रीय विजेते असा नाहीतर कुणीही असा. सिद्ध्याचं अंग मुळात त्याहून भारी. प्रत्येक स्पर्धेआधी तो स्वतःला सुकवायचा. आधी जेवण तोडायचं, मग पाणी. रेनकोटच्या आत दोन स्वेटर घालून शेडमध्ये दोरी मारायची. शेवटच्या दिवशी तोंडात वेलदोडा धरून थुंकत बसायचं, थुंकीनेसुद्धा वजन उतरतं म्हणून. गालफडं बसायची, ओठ फुटायचे. मावशीला हे बघवत नसे. "पोट मारून मारून मोटा केला ह्याला," ती मला म्हणायची, "आन आता ह्यो आपल्या हातानं उपाशी ऱ्हातुया. कशापायी रं?" सिद्ध्याने तिला कितीदा समजावलं होतं. ती मान डोलवायची. आयांनी मान डोलवली म्हणजे पटलं, असं समजणारा मूर्ख असतो.

चाचणीचं वजन सकाळी होतं, आणि त्याच्या आदल्या दिवशी बुद्धपौर्णिमा. मावशीने ठरवलं होतं की त्या वर्षीचं खीरदान आपलं. दर पौर्णिमेला विहारात कुणीतरी खीर करून सगळ्यांना वाढतं. पोराचं असं वर्ष झालेलं, त्यामुळे तिने महिनाभर आधीच आंबेमोहोर बाजूला काढून ठेवला होता. सिद्ध्या आला नसता तर तिने मला शिव्या घातल्या असत्या. सर म्हणाले, "घेऊन जा त्याला, घटकाभर बसव आन परत आन. तोंड उघडायचं ते फकस्त वंदनेला." मी गाडीवर घेऊन गेलो. वाटेत तो बोलला नाही. बोलायला तोंडात ओल नव्हती.

विहारात वस्ती सगळी जमलेली. वंदना झाली, पंचशील झालं. मग मावशी उभी राहिली. चारचौघांत बोलणारी बाई नव्हे ती, पण त्या दिवशी बोलली. सिद्धार्थ गौतमाने उपास करून करून देहाचा सापळा केला होता, पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागायचा, असं म्हणाली. "मग सुजाता आली. तिनं खिरीचं भांडं पुढं केलं. देवानं न्हवं, एका बाईनं. ती खाल्ली तवा अंगात बळ आलं, आन त्या बळावर पुढलं समदं झालं." हे बोलताना ती पोराकडेच बघत होती. पांढरा सदरा घालून तो भिंतीला टेकून बसला होता आणि सदऱ्यातून त्याच्या गळ्याची हाडं वर आली होती.

तिने पहिली वाटी भरली आणि त्याच्यासमोर धरली.

मी म्हणालो, "मावशी, उद्या वजन हाय त्याचं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "वजन हाय म्हनूनच देतीया. भरायला नगं का ते?"

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं कुणाला काही वाटलंच नाही. शेजारच्या अनसूयाबाईंनीही मान हलवली, बरोबरच आहे म्हणून. सिद्ध्याने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. मग त्याने वाटीकडे पाहिलं आणि वाटीमागच्या तिच्या हाताकडे. रोज घरोघरच्या पोळ्या भाजून त्या हाताची बोटं जागोजाग पोळलेली होती. त्याने वाटी घेतली आणि खीर खाल्ली. शेवटपर्यंत खाल्ली, बोटाने पुसून. त्या गोडाने सुकलेला घसा पेटला असणार, कारण तिने तांब्या पुढे केला तेव्हा त्याला थांबता आलं नाही. दिवसभर आवरलेली तहान होती ती. खीर एक वेळ चालून गेली असती, पाण्याने घात केला. मावशीच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता, तो मी तिच्या तोंडावर पुन्हा कधी पाहिला नाही.

पहाटे सरांनी त्याला रेनकोट चढवून पळवला. आधीच सुकवलेल्या अंगातून घाम निघत नाही. काट्यावर उभा राहिला तेव्हा काटा पुढे गेला. थोडाच, पण गेला. वजनाची वेळ संपायला अजून अवकाश होता, म्हणून सरांनी दोरी मारायला लावली. मग सिद्ध्या म्हणाला, "केस काप." मी न्हाव्याची कात्री शोधत बसलो नाही, हाताला बांधायच्या पट्ट्या कापायची कात्री होती तीच चालवली. डोकं चट्टेपट्टे दिसायला लागलं. चड्डीही काढून, मध्ये टॉवेल धरून पुन्हा उभा केला. काटा तिथेच. अधिकारी भला माणूस होता, वेळ संपेपर्यंत त्याने नाव खोडलं नाही. नंतर खोडलं आणि सिद्ध्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बेटा, अगले साल." सर बाहेर जाऊन पायरीवर बसले.

परत येताना कासारसाईच्या धरणाच्या भिंतीजवळ सिद्ध्याने गाडी थांबवायला सांगितली. उतरला आणि म्हणाला, "घरी सांगायचं, पहिल्याच लढतीत हरलो."

"का? वजनाचं खरं ते सांग की," मी म्हणालो.

"खीर तिनं दिली ऋष्या. ती मरंल."

मला ते पटलं. पण मी म्हणालो, "तोंडावर एक वळ न्हाई तुझ्या. हरलेला गडी असा दिसतोय व्हय?"

तो माझ्यासमोर येऊन हात खाली सोडून म्हणाला, "मार."

मी नाही म्हणालो. त्याने पुन्हा सांगितलं. मी शिवी दिली. तो तसाच उभा, हात खाली. वर्षानुवर्षं ज्या तोंडाला माझा हात लागला नव्हता, ते तोंड माझ्यापुढे उघडं होतं. शेवटी मी डोळे मिटून मारला. नीट बसला. आयुष्यात पहिल्यांदा बसला. तो एका गुडघ्यावर आला, डोळ्याखालचं फुगायला लागलं, आणि मी रस्त्याच्या कडेला बसून हुंदके देऊन रडायला लागलो. "आता बरं दिसतंय का?" त्याने विचारलं.

मावशीने डोळा पाहिला. हळद गरम केली. लेप देत असताना एकच प्रश्न विचारला, "दमला हुतास का रं?" सिद्ध्याला उभंसुद्धा राहवत नव्हतं, दोन रात्रींची झोप नव्हती, अंगात त्राण नव्हतं. तो पटकन म्हणून गेला, "व्हय आये. जरा दमलो."

मला ते तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. हरायला काहीतरी कारण लागतंच.

पुढच्या वर्षी वजन उतरेना म्हणून तो वरच्या गटात खेळला. तिथली पोरं अंगाने मोठी. त्याचे ठोसे तेच होते, पण लोक त्यांनी पडायचे बंद झाले. मग उजव्या हाताचं हाड मोडलं, ते वाकडं जुळलं. सर लेकाकडे राहायला गेले, शेडच्या जागी प्लॉट पडले. गाव बोलायचं ते बोललंच. फ्लेक्स लावला आणि पहिल्याच लढतीत मार खाऊन आला, असं पारावर माझ्यादेखत म्हणाले. मी भांडायला उठायचो, सिद्ध्या हात धरायचा. तो कुणाला काही बोलला नाही. ते वर्ष त्याने स्वतःहून मातीत घातलं, आईच्या कानावर खिरीचं जाऊ नये म्हणून.

आणि मावशी? तिने एक वेगळंच धरून ठेवलं होतं, ते आम्हाला उशिरा समजलं. टॉवरमधल्या बायकांना ती सांगायची, "लेकाला मी एकच वाटी देऊन धाडला. दमून पडला तितं." पोरगा भुकेने हरला आणि आपण हात आखडला, असं तिचं पक्कं झालं होतं. सिद्ध्याच्या त्या एका 'दमलो'मधून तिने हे उभं केलं होतं. पुढच्या प्रत्येक पौर्णिमेला ती त्याला तीन तीन वाट्या वाढायची. स्वतः मात्र खिरीला तोंड लावायची नाही. मी एकदा आग्रह केला, तर म्हणाली, "मला उतरत न्हाई आता."

सिद्ध्याला हे समजलं तेव्हा तो माझ्या ऑफिसात येऊन बसला. समोर गिऱ्हाईक होतं, मी त्या गिऱ्हाइकालाच बाहेर काढलं. सिद्ध्या म्हणाला, "खरं सांगितलं तर खिरीनं घालवलं असं व्हतंय. न्हाई सांगितलं तर खीर कमी पडली असं तिनं धरलंय. मी कुटनं सुटू?" दिवसाला दहा लोकांना पटवणारा माणूस मी, पण त्याला सांगायला एक वाक्य सुचलं नाही.

या उन्हाळ्यात मावशीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी बघितलं आणि घरी न्या म्हणाले. अन्न जाईना. चमच्याने पाणी घालायचं, तेवढंच. सिद्ध्याने जिमला सुट्टी टाकली आणि तिच्या खाटेशी बसून राहिला. एका दुपारी त्याचा फोन आला, "ये. तू बोल तिच्याशी. माझं ऐकत न्हाई."

गेलो तर ती उशीला टेकून बसलेली, एवढीशी झालेली. सिद्ध्या तिला सांगत होता, "आये, त्या दिशी मी दमलो न्हवतो. उगं बोललो. अंगात लई ताकद हुती. समोरचा भारी हुता, एवढंच."

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला जवळ बोलावलं. "ऋष्या, तू हुतास तितं. मला खरं सांग. माझं लेकरू भुकेनं पडलं का?"

मी तिचा हात धरला आणि सुरुवात केली. जी लढत झालीच नव्हती ती मी तिला सांगितली. समोरचा गडी पंजाबचा, म्हणालो, फौजेतला, लोखंडासारखा. पहिल्या राउंडला सिद्ध्याने त्याला नाचवलं, हात लावू दिला नाही. लोक उभे राहिले. पोलिसातल्या पोराला बरगडीखाली दिलेला तो ठोसा मी पंजाबच्या गड्याला दिला. राष्ट्रीयच्या अंतिम फेरीतलं ते आत घुसून राहणंही दिलं. त्या वर्षात मी जे जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते सगळं त्या एका लढतीत ओतलं. दुसऱ्या राउंडला त्या गड्याने डोळ्यावर एक मारला, तू हळद लावलीस तो वळ त्याचाच, असं सांगितलं. तरी सिद्ध्या मागे हटला नाही. तिसऱ्या राउंडला तर समोरचाच दमला, त्याचे पाय लटपटायला लागले. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तोंडावर हसू. मी थांबेना. मला सिद्ध्याला हरवावं लागणार होतं आणि खोट्यातसुद्धा ते माझ्याने होईना. शेवटी घंटा वाजवली आणि पंचांकडून एका गुणाने हरवला. "एकाच गुनानं मावशी," मी म्हणालो. "लोकांनी पंचांना शिव्या दिल्या. दमला? तुझा लेक शेवटपातूर वाघासारखा लढला."

सिद्ध्या दाराला टेकून ऐकत होता. त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं असावं, त्याच्या मुठी नकळत हनुवटीपाशी आल्या होत्या.

माझ्या हातातला तिचा हात हलका होता. मग मावशीने विचारलं, "एकाच गुनानं गेला व्हय?"

"एकाच."

"मंग आनखी एक वाटी दिली असती तर जिंकला असता रं माझा बाळ."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच आठवड्यात ती गेली.

जलदान विधीला वस्ती जमली होती, गावातलीही बरीच माणसं आली होती. लेकाच्या घरून कोंडाजी सरही आले, काठी टेकत, आणि सिद्ध्याच्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. जेवणं उरकली, लोक पांगले. मी आणि सिद्ध्या विहाराबाहेरची ताडपत्री दोन टोकांना धरून घडी घालत होतो. त्या दुपारनंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला होता. घडी घालत जवळ आलो तेव्हा त्याने माझ्या हातातलं टोक घेतलं. आवाजात राग नव्हता.

"ऋष्या," तो म्हणाला, "एका गुनानं कशाला हरवलंस मला? पार आडवा पाडायचा हुतास."